अग्निशमनाची विद्या

(आग विझविणे हे केवळ धाडसाचे काम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. धाडसाबरोबर त्यासाठी शास्त्राचे ज्ञानही लागते. ते ज्ञान कसले असते आणि ते कोठे मिळते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

फाल्गुन सरत आला म्हणजे वडशाच्या आसमंतातील रानाचे रूप पालटते. वैनगंगेचे पात्र आटू लागते. साग आणि ऐन यांची पाने गळून जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा जाड थर साचतो. याच सुमारास मोहाला फुले येतात. पहाटे फुले टपटप गळू लागतात आणि टोपल्या घेऊन घरोघरची माणसे झाडांखाली जमतात. मोहफुले हा येथील कित्येक कुटुंबांचा उन्हाळ्यातील मोठा आधार होय.

परंतु पाचोळ्यात पडलेले फूल सहजी दिसत नाही. म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन स्वच्छ करून घेतो. त्याच्या मनात वाईट काहीच नसते. फुले वेचून तो घरी जातो. मागे एखादा निखारा धुमसत राहतो. दुपारी वारा सुटतो, निखारा फुलतो आणि पाचोळ्यातून आग सरकू लागते. रात्री कुरखेड्याच्या बाजूस पाहावे, तर काळ्या रानात एक लालभडक रेघ हळूहळू पुढे चाललेली दिसते. तो वणवा असतो. त्यात कोवळी रोपे जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात आणि पुढच्या पिढीचे रानच नाहीसे होते.

अशा वेळी आपण विचारतो, "ही आग आता कोण विझवील?" त्याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. तो म्हणजे, "आग विझविणारा माणूस हे काम कोठे शिकतो?"

आग म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आग पेटण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता या त्या तीन गोष्टी होत. चुलीतील लाकूड बाजूला ओढले की चूल विझते, कारण जळण संपते. दिव्यावर वाटी पालथी घातली की दिवा विझतो, कारण नवा प्राणवायू मिळत नाही. निखाऱ्यावर पाणी शिंपडले की तो काळा पडतो, कारण उष्णता निघून जाते. तिहींपैकी एक गोष्ट काढून घेणे, हेच आग विझविण्याचे मूळ सूत्र आहे. ज्वाला एकदा पेटली म्हणजे तिच्यातील रासायनिक क्रियांची साखळी आपली आपण चालू राहते. काही अग्निशामक भुकट्या ही साखळीच तोडतात.

हे सूत्र सोपे वाटते. तथापि कोणत्या आगीत कोणती गोष्ट काढून घ्यावयाची, हे ओळखणे सोपे नाही. समजा, कढईतील तेल पेटले. घाबरून कोणी त्यावर तांब्याभर पाणी ओतले, तर काय होईल? पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाईल. तेल इतके तापलेले असते की, तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होईल. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. ती वाफ पेटलेले तेल उसळून चहूकडे फेकील आणि कढईतील आग घरभर होईल. तेथे झाकण ठेवून चूल बंद करणे हाच उपाय योग्य. विजेच्या तारेला आग लागली असता पाणी टाकले, तर वीज पाण्यातून टाकणाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. तेथे आधी वीजप्रवाह तोडावयाचा असतो.

आता वडशाचेच आणखी एक उदाहरण घेऊ. हा भातपिकाचा मुलूख आहे. खळ्याशेजारी तणसीचे उंच ढीग रचलेले असतात. असा ढीग पेटला आणि त्यावर वरून कितीही पाणी ओतले, तरी ते बाहेरच्या काड्यांवरून ओघळून जाते आणि आत आग धुमसतच राहते. ढीग विझला असे समजून माणसे घरी जातात आणि पहाटे तो पुन्हा पेटतो. जाणता अग्निशामक ढीग उसकटून, थर वेगळे करून मगच पाणी मारतो. तेल, वीज आणि तणस या तिहींच्या आगी तीन प्रकारच्या आणि त्यांचे उपायही तीन. म्हणूनच आगीच्या ठिकाणी पोहोचताच अग्निशामक पहिला प्रश्न विचारतो, "काय जळते आहे?"

या प्रश्नाचे मोल केवढे आहे, हे मुंबईने एकदा फार मोठी किंमत देऊन जाणले. १४ एप्रिल १९४४ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असताना, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये व दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. कापूस हा चटकन पेटणारा आणि आतल्या आत धुमसणारा पदार्थ. तो दारूगोळ्याच्या सोबतीला ठेवणे म्हणजे कोठारात पेटती वात ठेवण्यासारखेच होते. दुपारी जहाजातून धूर निघताना दिसला. मुंबईच्या अग्निशामक दलाचे जवान धावून आले आणि त्यांनी पाण्याचा मारा सुरू केला. परंतु आग तळाशी गाठींमध्ये होती आणि तेथवर पाणी नेमके पोहोचत नव्हते. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा स्फोट झाला. गोदी उद्ध्वस्त झाली, भोवतालची वस्ती पेटली, शेकडो माणसे प्राणास मुकली. अग्निशामक दलाच्या ६६ जणांनी आपले कर्तव्य बजावताना देह ठेवला.

त्यांच्या धैर्यात तिळमात्र उणीव नव्हती. समोर मृत्यू उभा असताना त्यांच्या हातातील नळी सुटली नाही. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह सुरू होतो. या शूरांना वंदन करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जहाजात काय भरावे, कशाशेजारी काय ठेवू नये, धोक्याची सूचना कोणी आणि केव्हा द्यावी, याचा विचार आगीच्या आधीच व्हावयास हवा असतो. तो विचार चुकला, की त्याची किंमत शूरांना आपल्या प्राणांनी द्यावी लागते.

जगातील इतर देशांनाही असे धडे मिळाले आहेत. १९०४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब मदतीला धावले. परंतु त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळांना बसेनात, कारण प्रत्येक शहराचे माप निराळे होते. मदत दारात आली, पण तिचा पुरेसा उपयोग झाला नाही. साधने एका मापाची आणि शिक्षण एका पद्धतीचे असावे, हे यातून जगाला कळले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानेही ही गरज ओळखली. देशभरच्या अग्निशामक अधिकाऱ्यांना एकाच प्रकारचे उत्तम शिक्षण मिळावे, म्हणून केंद्र सरकारच्या गृहमंत्रालयाने १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे एक विद्यालय सुरू केले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, ते नागपूरला हलविण्यात आले. हेच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय होय. त्याच वर्षी आपत्काळात मदत कशी करावी हे शिकविणारी आणखी एक केंद्रीय संस्था नागपुरात स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाली. अशा रीतीने संकटाशी सामना करण्याच्या विद्येचे नागपूर हे मोठे केंद्र बनले. वडशाहून ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर व उमरेड या वाटेने जाणारी बस ज्या शहरात पोहोचते, त्याच शहरात ही विद्या शिकविली जाते, ही आपल्या भागातील मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

या महाविद्यालयात काय शिकवितात? सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी तेथे निरनिराळे अभ्यासक्रम असतात. शिवाय बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षा देऊन अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी घेता येते. तेथील विषय ऐकले म्हणजे आपल्या शाळेतील विषयांचीच आठवण होते.

विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकतो, कारण पाणी उंच चढवावयाचे असते. पाणी दहा मीटर वर न्यावयाचे, तर सुमारे एका वायुमंडलाइतका जास्त दाब लागतो. मग आठव्या मजल्यावरील आगीला किती दाब हवा, याचे गणित बंबाजवळ उभे राहून क्षणात करावे लागते. नळीतून पाणी वेगाने पुढे जाते, तेव्हा ती धरणाऱ्याला मागे रेटते. तो रेटा ठाऊक नसलेला माणूस नळीसकट आडवा होतो.

तो रसायनशास्त्र शिकतो, कारण प्रत्येक पदार्थ निराळ्या रीतीने जळतो. पुष्कळदा ज्वालेपेक्षा धूरच अधिक घातक असतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतील माणसाला तो जागे न करताच मारतो. म्हणून अग्निशामक पाठीवर हवेची नळकांडी आणि तोंडावर मुखवटा लावून धुरात शिरतो. नळकांड्यातील हवा किती वेळ पुरेल आणि परतीच्या वाटेला त्यातील किती राखून ठेवावी, हा हिशेब चुकला, तर वाचवावयास गेलेल्यालाच वाचविण्याची पाळी येते.

तो इमारतींची रचनाही शिकतो. लोखंड जळत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असे आपल्याला वाटते. परंतु साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलादी तुळईचे बळ जवळजवळ निम्मे होते आणि छत कोसळू शकते. आत केव्हा जावे, याबरोबरच बाहेर केव्हा पडावे, हेही अधिकाऱ्याला कळावे लागते.

आणि हे सारे पुस्तकातून होत नाही. शिडी चढणे, दोराच्या गाठी बांधणे, उंचीवरून माणसाला खाली आणणे, डोळ्यांपुढे अंधार असताना भिंत चाचपत वाट काढणे, यांची कवायत पुन्हा पुन्हा करावी लागते. मन घाबरले असतानाही हातांनी आपले काम बिनचूक करावे, हा या कवायतीचा हेतू असतो.

हे शिक्षण फक्त मुलांसाठीच आहे, असा समज अनेक वर्षे होता. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे शिकणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी होत. मुलांना जी कवायत होती, तीच त्यांनी पूर्ण केली आणि पुढे तेल व नैसर्गिक वायू काढणाऱ्या सरकारी महामंडळात त्या अग्निशमन अधिकारी झाल्या. तेलाच्या विहिरीजवळची आग म्हणजे या विद्येची कठीण परीक्षा. त्यांच्या यशामुळे पुढच्या मुलींची वाट सोपी झाली.

ज्यांना पदवीपर्यंत शिकणे शक्य नसते, त्यांनाही या सेवेची वाट मोकळी आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या, निरोगी व काटक तरुणांसाठी राज्य शासनाच्या मुंबईतील अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम असतो.

अग्निशामकाचे काम केवळ आगीपुरते नसते. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा तिच्या दोन्ही तीरांवरील गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी बोट चालविणे, दोर टाकणे, घाबरलेल्या माणसाला धीर देऊन बाहेर आणणे, ही कामेही याच विद्येचा भाग होत.

परंतु या विद्येचे सर्वांत मोठे अंग कोणते, असे एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याला विचारले, तर तो बंबाकडे बोट दाखविणार नाही. तो म्हणेल, "आग लागू न देणे." वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. आपण मंडपात शिरलो की आपली दृष्टी रंगमंचाकडे जाते. अग्निशमनाची विद्या शिकलेला मनुष्य मात्र आधी पाहतो की, बाहेर पडण्याचे मार्ग किती आहेत, त्यांत कोणी बाकडी तर ठेवली नाहीत ना, विजेच्या तारा पडद्याला चिकटून तर गेल्या नाहीत ना, पाण्याची व वाळूची बादली जवळ आहे की नाही. महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम झाला. त्यानुसार अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींत आगीपासून संरक्षणाची साधने बसविणे व ती चालू स्थितीत ठेवणे, ही मालकाची अथवा तेथे राहणाऱ्याची जबाबदारी आहे. जी आग लागलीच नाही, तिची बातमी वर्तमानपत्रात येत नाही आणि ती टाळणाऱ्याचा सत्कारही होत नाही. तरीही अग्निशामकाचे उत्तम काम हेच होय.

वणव्याचेही तसेच आहे. उन्हाळ्यापूर्वी वनखात्याची माणसे रानात लांबच लांब पट्टे साफ करून ठेवतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. सरकत आलेल्या वणव्याला तेथे जळण मिळत नाही आणि तो थांबतो. आता आकाशातील उपग्रह तापलेली जागा टिपतात आणि देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्या जागेची सूचना वनाधिकाऱ्यांना पाठविते. मग वनरक्षक व वनमजूर तेथे धावतात. पालवीच्या ओल्या फांद्यांनी ते आग झोडपतात, वारा फेकणाऱ्या यंत्राने पाचोळा बाजूला सारतात आणि आगीची वाट तोडतात. रानात बंब जात नाही, पाणीही नसते. तेथे जळण काढून घेणे, हेच सूत्र चालते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. मोहाखालचा पाचोळा पेटविणाऱ्या माणसाला दोष देऊन वणवा थांबत नाही. त्याला फुले तर हवीच आहेत. मग पाचोळा खराट्याने झाडून बाजूला करता येईल, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुने लुगडे अंथरता येईल. फुले स्वच्छ मिळतील आणि रानही राहील. हे त्याला आपुलकीने कोण सांगेल? मुलांनो, ते काम तुम्हीच करू शकता. घरच्या आजीला, काकांना तुम्ही समजावून सांगितलेत, तर ते जितके मनावर घेतील, तितके फलक वाचून घेणार नाहीत.

आग लागलीच, तर तुमचे काम ती विझविण्याचे नाही. आरडाओरड करून सर्वांना जागे करावे, धूर असल्यास जमिनीलगत रांगत बाहेर पडावे आणि काहीही आणावयास परत आत जाऊ नये. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करून आग कोठे लागली, काय जळते आहे आणि आत कोणी अडकले आहे काय, हे शांतपणे सांगावे. अंगावरील कपडे पेटले, तर धावू नये. थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, तोंड हातांनी झाकावे आणि लोळावे. भाजलेल्या जागेवर तूप किंवा इतर काही न लावता वीस मिनिटे साधे, वाहते पाणी सोडावे व डॉक्टरांकडे न्यावे.

धैर्य हा मनुष्याचा मोठा गुण आहे. परंतु आगीपुढे ते एकटे पुरे पडत नाही. वडशाच्या शाळेत विज्ञानाचा पाठ मन लावून शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या नागपूरच्या त्या महाविद्यालयात जाईल, परत येऊन एखाद्या गावाला, एखाद्या रानाला राखील. त्यासाठी लागणारे धैर्य आपल्यापाशी आहेच. विद्या मात्र कष्टाने मिळवावी लागते.

शब्दार्थ

आसमंत – आजूबाजूचा प्रदेश. धुमसणे – ज्वाला न निघता आतल्या आत जळणे. तणस – भाताचे वाळलेले काड. उसकटणे – विस्कटून मोकळे करणे. तिळमात्र – अगदी थोडीसुद्धा. जाळरेषा – वणवा पसरू नये म्हणून रानात साफ केलेला पट्टा.

स्वाध्याय

१. आग पेटण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी लागतात? प्रत्येकीचे घरातील एक उदाहरण द्या.
२. पेटलेल्या तेलावर पाणी का टाकू नये?
३. मुंबईच्या गोदीतील स्फोटापासून कोणता बोध घ्यावयाचा, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. नागपूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास पदार्थविज्ञानाचा उपयोग कसा होतो?
५. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा : प्राणास मुकणे, कर्तव्य बजावणे, धीर देणे, मनावर घेणे.
६. आपल्या शाळेतून बाहेर पडण्याचे मार्ग कोणते, ते पाहून त्यांचा नकाशा काढा. त्यांत काही अडथळा आढळल्यास गुरुजींच्या अथवा बाईंच्या नजरेस आणा.
७. मोहफुले वेचताना वणवा लागू नये म्हणून काय करावे, हे सांगणारे पत्र आपल्या आजीस लिहा.